विजयनगरात माणसं किती होती?

हंपीचा विषय निघाला की एक वाक्य हमखास पुढे येतं: ‘१५०० साली विजयनगर हे बीजिंगच्या खालोखाल जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर होतं, लोकसंख्या पाच लाख.’ त्यावर दुसऱ्या बाजूचं उत्तरही ठरलेलं असतं. हे सगळं परदेशी प्रवाशांनी फुगवलेलं आहे, आपल्याकडे कुणी डोकी मोजलीच नव्हती, तेव्हा त्या आकड्याला काडीची किंमत नाही. मग लंडन-पॅरिसचे आकडे येतात, कोण कुणाच्या किती पट होतं याची चढाओढ लागते आणि दोन्हीकडची मंडळी जिथे होती तिथेच राहतात. जुन्या गोव्याच्या ‘दोन लाखां’वरून आणि विजापूरच्या ‘दहा लाखां’वरूनही हेच होतं. या भांडणात मला दोन्ही बाजू चुकीच्या वाटतात. मध्ययुगातल्या बहुतेक शहरांचे आकडे हे कुठल्यातरी दुसऱ्याच मोजणीवरून काढलेले अंदाज आहेत. अंदाज कशावरून काढला, शहराची हद्द कुठवर धरली आणि एका घरात किती माणसं धरली, हे सांगता येत नसेल तर तो आकडा पाठ्यपुस्तकात, स्थळफलकावर किंवा भाषणात येऊ नये. आणि या तीन गोष्टी सांगता येत असतील तर ‘प्रवाशांच्या बाता’ म्हणून तो उडवूनही लावता येत नाही.

पाच लाख आले कुठून ते आधी पाहू. कृष्णदेवरायाच्या काळात, १५२० च्या सुमारास, डोमिंगो पाएस हा पोर्तुगीज विजयनगरात होता. शहरात एक लाखाहून जास्त घरं असल्याचं लोक सांगतात, असं तो लिहितो. घरं एकमजली, धाब्याची, प्रत्येकाला बुटकी कुंपणभिंत. या एक लाखाला पाचाने गुणलं की पाच लाख होतात. टर्शियस चँडलर यांच्यासारख्या अभ्यासकांनी १९७४ पासून जगभरच्या जुन्या शहरांची कोष्टकं छापली. एकदा असा अंदाज कोष्टकात बसला की त्याच्या शेजारी क्रमांक लागतो आणि पुढच्या पिढीला तो मोजलेलाच वाटतो. गंमत सोडून देऊ, पण खुद्द पाएस याबाबतीत आपल्यापेक्षा सावध होता, हे नोंदवायलाच हवं. शहरातली माणसं इतकी आहेत की संख्या लिहायला नको, वाचणाऱ्याला ती भाकडकथा वाटेल, असं त्याने स्वतःच म्हटलं आहे.

पाएसचं आणखी एक वाक्य दोन्ही बाजू वापरतात. तो एका टेकडीवर चढला. मध्ये डोंगररांगा असल्यामुळे सगळं शहर काही दिसलं नाही, पण जेवढं दिसलं तेवढं त्याला रोमएवढं वाटलं. घरांच्या परसात झाडी, मधून वाहणारे पाण्याचे पाट, अधूनमधून तळी. ‘रोमएवढं’ म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे सीझरचं रोम उभं राहतं. पण पाएसच्या काळातलं रोम कसं होतं? १५२७ च्या लुटीच्या थोडं आधी तिथे खरोखरच मोजणी झाली होती आणि ती भरली सुमारे ५५,००० माणसं. मग काय, दुसऱ्या बाजूने लगेच निकाल दिला की विजयनगरही पन्नास-पंचावन्न हजारांचंच. हाही निष्कर्ष तितकाच कच्चा आहे. रोमभोवती सम्राट ऑरेलियनने तिसऱ्या शतकात बांधलेला सुमारे १९ किलोमीटरचा तट होता. तो बांधला गेला तेव्हा रोममध्ये लाखांनी वस्ती होती. १५२० मध्ये त्याच तटाच्या आत द्राक्षमळे, कुरणं आणि पडके अवशेष यांनीच बरीच जागा अडवली होती आणि लोक नदीच्या वळणाजवळ दाटीने राहत होते. टेकडीवरून माणसाला विस्तार दिसतो, माथी मोजता येत नाहीत. पाएसने विस्ताराची तुलना केली आणि आपण तिच्यातून डोकी काढायला बसलो.

खरा प्रश्न हद्दीचा आहे. १४४३ मध्ये, दुसऱ्या देवरायाच्या काळात आलेला तैमूरी दरबाराचा वकील अब्दुर रझाक सात तट सांगतो, आणि पहिल्या, दुसऱ्या व तिसऱ्या तटांच्या दरम्यान शेतं, बागा आणि घरं असल्याचंही सांगतो. मग शहर कुठून सुरू झालं म्हणायचं? पहिल्या वेशीपासून, तिसऱ्यापासून, की सातव्यापासून? १९८० नंतर जॉन फ्रिट्झ, जॉर्ज मिशेल हे संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जमिनीवर चालत, एकेक भिंत आणि एकेक पायवाट नोंदवत या जागेचा नकाशा तयार केला. तटबंदीने वेढलेला दाट गाभा साधारण २५ चौरस किलोमीटरचा आहे. नदीकाठची देवळं आणि हा गाभा यांच्यामध्ये कालव्याखालच्या भातशेतीचा पट्टा आहे. गाभ्याबाहेर कार्ला सिनोपोली आणि कॅथलीन मॉरिसन या पुरातत्त्वज्ञांनी कित्येक वर्षं सर्वेक्षण केलं, तेव्हा पेठा, तळी, बांध, नाकी आणि देवळं यांनी भरलेला शेकडो चौरस किलोमीटरचा मुलूख पुढे आला.

आता पाच लाख माणसं त्या गाभ्यात बसवून पाहा. चौरस किलोमीटरला २०,००० माणसं होतात. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर आणि उपनगर या दोन्ही जिल्ह्यांची घनता जवळपास एवढीच होती, तीही टॉवर, चाळी आणि झोपडपट्ट्यांसह. विजयनगराची घरं एकमजली, परसाची. गाभ्याची बरीच जागा राजवाडे, हत्तीखाने, तळी, बाजाररस्ते आणि प्रचंड धोंड्यांच्या टेकड्यांनी व्यापलेली. निम्मी जागा वस्तीची धरली आणि हेक्टरी दीडशे माणसं धरली तर गाभ्यात दोन लाखांच्या आतबाहेर येतात. हा माझा हिशोब आहे आणि त्यातली दोन्ही गृहीतकं मी उघड केली आहेत. कुणीही ती बदलून वेगळं उत्तर काढावं. पण सभोवतालचा मुलूख जमेस धरला तर पाच लाख मुळीच अशक्य नाहीत. म्हणजे ‘पाच लाख’ म्हणणारा आणि ‘दोन लाख’ म्हणणारा हे दोघेही बरोबर असू शकतात, कारण दोघं वेगवेगळ्या जागेबद्दल बोलत आहेत. वाद घालताना हे कुणी विचारतं का?

कंबोडियातल्या अंगकोरचं उदाहरण इथे फार कामाचं आहे. विमानातून लेसरने जमीन टिपल्यावर जंगलाखालचे रस्ते, घरांचे उंचवटे आणि तळी दिसू लागली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने तेराव्या शतकातल्या बृहद्-अंगकोरची लोकसंख्या सात ते नऊ लाख धरली. छाती दडपते. पण त्या बृहद्-अंगकोरचा विस्तार सुमारे ३,००० चौरस किलोमीटर आहे. म्हणजे वरची मर्यादा धरली तरी चौरस किलोमीटरला ३००. २०११ मध्ये रानावनासकट अख्ख्या महाराष्ट्राची घनता ३६५ होती! म्हणून अंगकोर शहर नव्हतं असं मी म्हणणार नाही. भातशेतीत विखुरलेलं, पाण्याच्या एका व्यवस्थेने बांधलेलं ते एक वेगळ्याच जातीचं शहर होतं. त्याला पॅरिसच्या रांगेत उभं करून पहिला-दुसरा नंबर देण्यात त्याचं सगळं वेगळेपण हरवतं.

‘आमच्याच शहरांना हे प्रश्न का? पॅरिसला का नाही?’ हा आक्षेप सगळ्यात जोरकस आहे आणि तो मला शंभर टक्के मान्य आहे. पॅरिसला विचाराच. १३२८ मध्ये फ्रान्सच्या राजाने करासाठी चुली मोजल्या. पॅरिसमध्ये ६१,०९८ चुली भरल्या. इतका नेमका आकडा पाहिला की वाटतं, झालं, प्रश्न मिटला. पण एका चुलीवर जेवणारे किती? साडेतीन धरले तर सव्वादोन लाखांच्या जरा आत, पाच धरले तर तीन लाखांच्या वर. आणि खुद्द चुलींचा तो आकडाच चुकीचा उतरवला गेला असावा, पॅरिस प्रत्यक्षात ८०,००० च्या आसपास असेल, असं मांडणारे इतिहासकार फ्रान्समध्येच आहेत. कागद असूनही फरक तिप्पट-चौपट. आपल्याकडे गाव केवढं हे सांगताना ‘दोनशे उंबऱ्यांचं गाव’ म्हणतात. पेशवाईतल्या खानेसुमारीतही घरं मोजली आहेत. एका उंबऱ्याच्या आत वाड्यातलं तीस माणसांचं खटलं आहे की एकटी म्हातारी, हे नुसत्या उंबऱ्यावरून कळत नाही. पॅरिसच्या कारकुनाची अडचण हीच होती.

लंडनचं तर आणखी बोलकं आहे. १३७७ च्या डोईपट्टीत, म्हणजे माणशी घेतलेल्या कराच्या नोंदीत, चौदा वर्षांवरची २३,३१४ माणसं नोंदली गेली. भिकारी आणि धर्मगुरू वगळून. त्यावरून लंडनची वस्ती चाळीस हजारांच्या आसपास धरतात. १३८१ मध्ये पुन्हा डोईपट्टी बसली तेव्हा लंडनमध्ये भरले २०,३९७. चार वर्षांत तीन हजार माणसं मेली की गाव सोडून गेली? छे, लपली. देशभर हेच झालं; नोंदलेल्यांची संख्या साधारण एक तृतीयांशाने घटली आणि त्याच साली इंग्लंडात शेतकऱ्यांचं मोठं बंड झालं. कर वसूल करायला आलेल्या माणसापुढे कुठल्याही देशातली माणसं आपली खरी संख्या सांगत नाहीत. तेव्हा ‘युरोपात कागद होते, तुमच्याकडे नुसत्या गोष्टी’ असं म्हणणाऱ्यांनी त्या कागदावर मोजणी कुणी आणि कशासाठी केली, हे आधी वाचावं.

तरीही काही कागद इतरांपेक्षा चांगले असतात आणि ते का चांगले, हे समजून घेण्यासारखं आहे. फ्लॉरेन्सचा जोव्हान्नी व्हिल्लानी व्यापारी होता, सरकारी पदांवरही बसलेला. १३३८ च्या सुमाराच्या शहराचं वर्णन करताना तो नुसता ‘अफाट वस्ती’ म्हणून मोकळा होत नाही. शहराला रोज किती धान्य लागतं त्यावरून तो ९०,००० तोंडं धरतो. शस्त्र धरू शकतील असे १५ ते ७० वयाचे पुरुष सुमारे २५,०००, असं तो वेगळं सांगतो. आणि मग तो बाप्तिस्म्यांकडे वळतो. सान जोव्हान्नीच्या बाप्तिस्मागृहात पाद्री दर मुलाला एक काळी शेंगबी आणि दर मुलीला एक पांढरी शेंगबी बाजूला टाकत असे. वर्षाला साडेपाच ते सहा हजार बिया जमत आणि काळ्या बिया पांढऱ्यांपेक्षा तीन-पाचशेंनी जास्त भरत. ही खरी मोजणी. तिला कर चुकवायचा नाही, राजाची फुशारकी मारायची नाही. धान्य, शस्त्रं आणि बाळं अशा तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेले आकडे एकमेकांशी जुळतात का, हे पाहता येतं. तरीसुद्धा आजचे अभ्यासक व्हिल्लानीच्या ९०,००० वर एकमत नाहीत, काहीजण ते सव्वा लाखापर्यंत नेतात. पुढे १३४८ ची महामारी आली. १४२७ मध्ये फ्लॉरेन्सने घरोघरची मालमत्ता आणि माणसं नोंदवली तेव्हा शहरात उरले होते जेमतेम ३७-३८ हजार. ‘मध्ययुगातलं फ्लॉरेन्स’ म्हणताना यातलं कुठलं साल म्हणायचं? शतकभराच्या आत शहर निम्म्याहून कमी होतं आणि कोष्टकात मात्र एकच रकाना असतो.

गुणाकाराच्या नादाला लागलं की काय होतं ते बगदादच्या बाबतीत दिसतं. अकराव्या शतकातल्या अल-खतीब अल-बगदादी या इतिहासकाराने आपल्या शहराबद्दल एक हिशोब नोंदवून ठेवला आहे. शहरात ६०,००० हमामखाने. दर हमामखान्यामागे पाच मशिदी, म्हणजे तीन लाख मशिदी. दर मशिदीत निदान पाच माणसं, म्हणजे पंधरा लाख. प्रत्येक पायरीवर गणित चोख आहे. पायाच खोटा आहे, कारण ६०,००० हमामखान्यांचं सरपण आणि पाणी कुठून आणणार? नवव्या-दहाव्या शतकातलं बगदाद जगातल्या सर्वांत मोठ्या शहरांपैकी होतं, याबद्दल दुमत नाही. त्यासाठी तीन लाख मशिदींची गरजही नाही. एक लाख घरं गुणिले पाच, हा आपला गुणाकार याच जातीचा आहे.

आणि जिथे राज्यव्यवस्था खरोखर माणसं मोजत होती, त्या चीनचं काय? दक्षिण सुंग राजवटीची राजधानी लिनआन, म्हणजे आजचं हांगचौ. मार्को पोलो तिथे १६ लाख घरं आणि १२,००० पूल सांगतो. दारावर घरातल्या सगळ्यांची नावं लिहून लावावी लागत, हेही तो सांगतो. पोलो येण्याच्या जेमतेम एक पिढी आधीच्या सरकारी नोंदीत, शहर ज्या दोन तालुक्यांत होतं तिथे १,८६,३३० कुटुंबं आणि ४,३२,०४६ माणसं आहेत. पोलोच्या फुगवट्याला उत्तर मिळालं म्हणून खूश होण्याआधी भागाकार करा: एका कुटुंबात २.३ माणसं. हे कसं शक्य आहे? सुंग काळातल्या अशा नोंदींत सगळी माणसं धरलेली नसत, बऱ्याचदा फक्त पुरुषच नोंदले जात, असं अभ्यासक सांगतात. शिवाय तालुक्यात खेडी होती, आणि छावणीतले सैनिक कुठे धरले हा प्रश्न उरतोच. जगातल्या त्या काळच्या सगळ्यात शिस्तबद्ध दप्तरातूनही एकच एक आकडा निघत नाही.

विजयनगराच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटतो तो धान्याचा मुद्दा, कारण संशयवाद्यांचा तो आवडता आहे आणि तो त्यांच्यावर उलटतो. त्यांचं म्हणणं असं: हांगचौला कालवा होता, बगदादला तैग्रिस होती, तुंगभद्रेतून टोपल्यांच्या होड्या तेवढ्या चालतात, मग पाच लाख माणसं जेवली कशी? माणशी अर्धा किलो धान्य धरलं तर पाच लाखांना रोज अडीच लाख किलो. एका बैलाच्या पाठीवर सव्वाशे किलोच्या गोण्या धरल्या तर रोज २,००० बैल. ऐकायला फार वाटतं. पण १६३२ मध्ये पीटर मंडी या इंग्रजाला उत्तर हिंदुस्तानात बंजाऱ्यांचा एकच तांडा भेटला, त्यात धान्याने लादलेले १४,००० बैल होते. म्हणजे आठवडाभराचा शिधा एकाच तांड्याने येऊ शकत होता. आणि खुद्द पाएस काय लिहितो? रस्ते आणि बाजार लादलेल्या बैलांनी इतके भरलेले असतात की पुढे जाता येत नाही, अनेक गल्ल्यांत ते जाईपर्यंत थांबून राहावं लागतं. एक लाख घरं त्याने ऐकली होती. बैलांमुळे तो स्वतः अडकला होता. माझ्या लेखी त्याच्या लेखनातला हा पुरावा पहिल्यापेक्षा कितीतरी मोलाचा आहे आणि ‘विजयनगर फार मोठं होतं’ म्हणणाऱ्यांनी तोच पुढे करायला हवा. ते मात्र सैन्याचे आकडे पुढे करतात. रायचूरच्या १५२० च्या मोहिमेत सात लाखांवर पायदळ होतं, हे फर्नाओ नुनिझ या पोर्तुगीजाचं म्हणणं. ते जसंच्या तसं मानलं तरी ती नायकांनी, म्हणजे प्रांतोप्रांतीच्या सरदारांनी, साम्राज्यभरातून आणलेली फौज होती. ती राजधानीच्या वस्तीत मिळवणं म्हणजे पंढरपूरची लोकसंख्या आषाढीला मोजणं.

‘हे आकडे सोडले तर मुलांना जगाचा इतिहास पुन्हा युरोपचाच वाटेल,’ असं काही मित्र कळकळीने म्हणतात. त्यांची भीती खोटी नाही. आपल्या शहरांना कित्येक पिढ्या ‘पौर्वात्य अतिशयोक्ती’ म्हणून बाजूला सारलं गेलं, याचा मलाही राग आहे. पण ज्या आकड्याला पाया दाखवता येत नाही, तो समोरच्याच्या एका प्रश्नात कोसळतो आणि त्याच्याबरोबर खरी गोष्टही कोसळते. खरी गोष्ट काय आहे? कोरड्या, खडकाळ मुलखात नदीला बंधारे घालून, डोंगराच्या पोटातून कालवे फिरवून, कमलापूरसारखे तलाव बांधून एका राजधानीला पाणी आणि अन्न पुरवलं गेलं. त्यातल्या काही कालव्यांवर आजही शेती होते. हे बांधकाम मोजता येतं. एका कालव्याखाली किती जमीन भिजे, त्या जमिनीत किती भात पिके, त्यावर किती माणसं जगत, हा विजयनगराच्या लोकसंख्येकडे जाणारा स्वतःचा रस्ता आहे. त्यासाठी रोमचीही गरज नाही आणि बीजिंगचीही नाही. या कामाला वर्षं लागतात, माणसं आणि पैसा लागतो. आपण क्रमांकावर जितकं भांडतो त्याच्या दशांश आग्रह या कामासाठी धरला का?

राहिला शेवटचा आक्षेप: सामान्य वाचकाला एकच आकडा हवा असतो, ‘दोन ते पाच लाख’ ऐकलं की तो गोंधळतो. मला हे पटत नाही. मुंबईची लोकसंख्या किती, या प्रश्नाला २०११ च्या जनगणनेची दोन उत्तरं आहेत. महापालिकेच्या हद्दीत सुमारे १ कोटी २४ लाख, आणि ठाणे, कल्याण, नवी मुंबई धरून सुमारे १ कोटी ८४ लाख. साठ लाखांचा फरक, आणि तोही घरोघर माणूस पाठवून मोजल्यावर! डोंबिवलीहून रोज मुंबईत कामाला जाणाऱ्या माणसाला हा फरक समजावून सांगावा लागत नाही. तोच माणूस विजयनगराच्या सात तटांचा प्रश्न सहज समजून घेईल. त्याच्यापुढे तो नीट मांडला पाहिजे एवढंच.

म्हणून माझी मागणी अगदी साधी आहे. पाठ्यपुस्तकांतून आणि फलकांवरून ‘जगातलं दुसऱ्या क्रमांकाचं शहर’ हे शब्द काढा. त्या जागी चार ओळी लिहा: तटबंदीच्या आतला गाभा सुमारे २५ चौरस किलोमीटरचा होता, १५२० च्या सुमाराला आलेल्या पाएसने इथे एक लाख घरं असल्याचं ऐकलं, घरामागे किती माणसं धरायची आणि तटांबाहेरच्या पेठा व गावं धरायची की नाहीत, यावर अंदाज दोन लाखांपासून पाच लाखांपर्यंत बदलतो, शहराला पाणी पुरवणारा तलाव इथून जवळच आहे, तो पाहून या.